यू-570 : पहिल्याच गस्तीत शरण गेलेली पाणबुडी

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्या म्हटलं की मराठी वाचकाला बहुधा यू-180 आठवते. फेब्रुवारी 1943 मध्ये सुभाषबाबू कील बंदरातून तिच्यात बसले आणि भर समुद्रात जपानी पाणबुडीवर गेले, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकलेली असते. यू-570 चं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही. तिने एकही जहाज बुडवलं नाही, शत्रूवर एकही टॉर्पेडो सोडला नाही. 15 मे 1941 ला ती जर्मन नौदलात दाखल झाली आणि 27 ऑगस्टला एका विमानासमोर पांढरं कापड फडकावून शरण गेली. जर्मन सेवेतली तिची हयात साडेतीन महिन्यांचीही नाही.

पाणबुडीने विमानाला शरण जाणं ही त्या काळी कोणाच्या कल्पनेत बसणारी गोष्ट नव्हती. विमान कोणाला ताब्यात घेणार? ते पाण्यावर उतरून कैदी भरू शकत नाही आणि इंधन संपलं की त्याला परतावंच लागतं. तरीही हे घडलं. पुढे सगळं खापर दोन अधिकाऱ्यांच्या भित्रेपणावर फोडलं गेलं. माझं मत वेगळं आहे. त्या सकाळी जे झालं त्याची तयारी कित्येक महिने आधीपासून चालू होती, आणि ती करणारे लोक त्या बोटीवर नव्हतेच.

बोट चांगली, माणसं नवखी

यू-570 ही सातव्या श्रेणीतली, म्हणजे ‘सात-क’ प्रकारची. जर्मनीने या प्रकारच्या साडेपाचशेहून अधिक पाणबुड्या सेवेत आणल्या. हिची बांधणी हॅम्बुर्गच्या ब्लोम उंट फॉस गोदीतली. लांबी 67 मीटर, म्हणजे मुंबई लोकलच्या तीन डब्यांहून थोडी जास्त. पाण्यावर वजन 769 टन, पुढे चार आणि मागे एक अशा पाच टॉर्पेडो नळ्या, चौदा टॉर्पेडो आणि चाळिसाहून अधिक माणसं. पाण्यावर डिझेल इंजिनं, पाण्याखाली बॅटरीवर चालणाऱ्या मोटारी. तुलनेने स्वस्त, भराभर बांधता येणारी आणि खोल जाणारी बोट. हत्यार म्हणून तिच्यात खोट काढायला जागा नव्हती.

अडचण होती ती आतल्या माणसांची. 1941 च्या मार्चमध्ये जर्मन पाणबुडी दलाचे तीन सर्वांत नावाजलेले कप्तान एकाच महिन्यात हातचे गेले. प्रीन आणि शेपके मारले गेले, क्रेचमर ब्रिटिशांच्या कैदेत पडला. त्याच वर्षी गोद्यांमधून महिन्याला सरासरी पंधराहून जास्त नव्या पाणबुड्या बाहेर पडत होत्या. प्रत्येक नव्या बोटीला कप्तान हवा, अभियंता हवा, चाळीस-बेचाळीस खलाशी हवेत. मुरलेली माणसं आणायची कुठून? मग जे हाताशी होते त्यांना भराभर बाल्टिक समुद्रात तालीम देऊन अटलांटिकवर पाठवणं सुरू झालं. बाल्टिक म्हणजे चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला समुद्र, आणि तिथे तेव्हा ब्रिटिश विमानांचा त्रासही नव्हता. आकाशाकडे सतत नजर ठेवायची सवय तिथे लागणार तरी कशी?

यू-570 चा कप्तान कापिटानलॉयटनंट हान्स-योआखिम राहमलोव. तो मूळचा किनारपट्टीवरच्या तोफखान्यातला, पाणबुडी दलात उशिरा आलेला. त्याआधी त्याच्याकडे एक छोटी प्रशिक्षण पाणबुडी होती. युद्धगस्तीवर कप्तान म्हणून ही त्याची पहिलीच खेप. त्याचा पहिला सहायक अधिकारी बर्नहार्ड बर्न्ट हाही नवाच. खलाशांपैकी बहुतेकांनी तोवर अटलांटिक पाहिलेलाही नव्हता. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ही मंडळी नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमहून निघाली. हुकूम असा की आइसलंडच्या दक्षिणेला गस्त घालायची आणि मग फ्रान्सच्या ला पालीस बंदरात जायचं.

आइसलंड 1940 च्या मे महिन्यापासून ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. दक्षिण किनाऱ्यावर काल्डादार्नेस इथे त्यांनी विमानतळ उभा केला होता, आणि तिथून 269 क्रमांकाच्या स्क्वाड्रनची हडसन विमानं रोज समुद्र धुंडाळत होती. ब्रिटिश गुप्तलेखन खात्याला तोवर जर्मन पाणबुड्यांचे संदेश वाचता येऊ लागले होते. म्हणजे नवशिक्यांची ही बोट नेमकी अशा पट्ट्यात पाठवली गेली, जिथे शत्रूची विमानं सर्वांत जवळ आणि सर्वांत सावध होती.

27 ऑगस्टची सकाळ

समुद्र खवळलेला होता. सपाट तळाच्या मोठ्या जहाजाला जी लाट नुसती हलवते, ती पाण्यावर असलेल्या पाणबुडीला अक्षरशः लोळवते. अर्धेअधिक खलाशी ओकारीने बेजार होऊन पडले होते. त्यांना जरा आराम मिळावा म्हणून राहमलोवने बोट बराच वेळ पाण्याखाली ठेवली. खाली शांत असतं, पण हवा कोंदट होत जाते आणि बॅटरी उतरत जाते. सकाळी अकराच्या सुमारास तो बोट वर घेऊन आला.

वर येण्याआधी पेरिस्कोपमधून क्षितिज आणि आकाश दोन्ही नीट न्याहाळायचं, हा पाणबुडीवरचा पहिला धडा. त्या दिवशी ते कितपत झालं कोण जाणे, पण बोट जिथे वर आली तिथे बरोबर डोक्यावर एक हडसन होतं. स्क्वाड्रन लीडर जेम्स थॉम्पसन ते चालवत होता. राहमलोव शिडीने मनोऱ्यावर चढला आणि त्याच्या कानावर इंजिनांची घरघर आली. त्याने ताबडतोब बुडी मारण्याचा हुकूम दिला.

सरावलेल्या कर्मचाऱ्यांची सात-क बोट अर्ध्या मिनिटात पाण्याखाली जाऊ शकत असे. हिला तेवढंही जमलं नाही. बोट बुडते आहे न बुडते आहे तोच थॉम्पसनने वरून जाताना 250 पौंडांचे चार डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली ठरावीक खोलीवर फुटणारे बॉम्ब, सोडले आणि ते बोटीच्या दोन्ही अंगांना पडले. एक तर अवघ्या दहा यार्डांवर फुटला.

आत काय झालं ते जरा सावकाश पाहायला हवं, कारण सगळं प्रकरण त्या चार-पाच मिनिटांत ठरलं. धक्क्याने बोट जवळजवळ आडवी झाली. दिवे गेले. काचेची उपकरणं फुटली. कुठून तरी पाणी आत यायला लागलं. आणि अंधारात एक उग्र वास पसरला.

पाणबुडीतल्या माणसाला पाण्यापेक्षाही एका गोष्टीची धास्ती असते, ती म्हणजे क्लोरीन. बॅटरीच्या घटांमध्ये गंधकाम्ल असतं. घट तडकले आणि समुद्राचं खारं पाणी त्या आम्लात मिसळलं तर क्लोरीन तयार होतो. बंद नळकांड्यात क्लोरीन म्हणजे मरणच. हे प्रशिक्षणात इतकं घोकून घेतलेलं असतं की वास आला की मन थेट तिथेच जातं. इंजिनकक्षातली पोरं वास येताच जागा सोडून पुढच्या भागात पळाली.

बोटीचं नशीब फिरलं ते इथे. वीज परत आणण्याची साधनं मागेच होती. स्विच परत बसवणं, फ्यूज बदलणं, मोटारी चालू करणं ही कामं तुलनेने साधी होती, पण ती करायला तिथे कोणी उरलंच नाही. बोट अंधारात निपचित पडली. खाली राहिलो तर वायूने मरू, असा हिशेब करून राहमलोवने ती पुन्हा पाण्यावर आणली.

माणसं मनोऱ्यातून डेकवर येऊ लागली. ती तोफेकडे धावतायत असं वाटून हडसनने मशीनगन चालवली, आणि ती परत आत घुसली. लाटा इतक्या उंच होत्या की तोफेपाशी उभं राहणंही कठीण होतं. थोड्या वेळाने मनोऱ्यावर पांढरं कापड दिसलं.

थॉम्पसन घिरट्या घालत राहिला. पाणबुडीला विमान पकडून नेऊ शकत नाही, पण ती हलली तर पुन्हा हल्ला होईल एवढी भीती वरून दाखवत राहू शकतं. दुपारी त्याची जागा एका कॅटलिना विमानाने घेतली. अंधार पडेपर्यंत आपली जहाजं पोहोचली नाहीत तर खलाशांना इशारा देऊन बोट बुडवायची, असा हुकूम त्या कॅटलिनाला होता. राहमलोवने मधल्या वेळात आपल्या मुख्यालयाला साध्या भाषेत, म्हणजे सांकेतिक लिपीशिवाय, संदेश पाठवला की आपण बुडी मारू शकत नाही आणि आपल्यावर विमानांचा हल्ला चालू आहे. त्यानंतर गुप्त कागद समुद्रात गेले आणि संदेशयंत्रं फोडली गेली. जवळची यू-82 मदतीला निघाली होती, पण विमानांनी तिला पाण्याखालीच दडपून ठेवलं.

रात्री अकराच्या आसपास ‘नॉर्दर्न चीफ’ नावाचा ट्रॉलर पोहोचला. मूळची मासेमारीची बोट, युद्धासाठी नौदलाने घेतलेली. तिने जर्मनांना बजावलं की बोट बुडवलीत तर तुम्हाला पाण्यातून काढणार नाही. दुसऱ्या दिवशी आणखी ट्रॉलर आणि दोन विनाशिका येऊन ठाकल्या. मध्येच नॉर्वेजियन स्क्वाड्रनचं एक छोटं समुद्री विमान आलं. त्याला शरणागतीची खबर नव्हती, त्याने बॉम्ब टाकले. आपल्याच बाजूच्या विमानाने केलेला हा हल्ला सुदैवाने वाया गेला.

शेवटी ‘किंग्स्टन अ‍ॅगेट’ या ट्रॉलरवरचा लेफ्टनंट कॅम्पबेल काही माणसं घेऊन तरंगत्या तराफ्यावरून पाणबुडीपर्यंत गेला. त्या लाटांमध्ये तराफा दोरीने ओढत नेणं ही या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत धाडसाची गोष्ट वाटते. त्याने जखमींना आणि अधिकाऱ्यांना उतरवलं आणि ओढायचा दोर बांधला. बोट आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर थोरलाक्सहोफ्न इथे नेऊन वाळूवर चढवली. या सगळ्या गोंधळात काही जण जखमी झाले, पण जर्मनांपैकी मेलं कोणीच नाही.

बोट खरंच निकामी झाली होती का?

थोरलाक्सहोफ्नला ब्रिटिश तंत्रज्ञ आत उतरले तेव्हा आत चिखल झालेला होता. सांडलेलं तेल, पीठ, पावांचे तुकडे, कपडे, अंथरुणं, सगळं समुद्राच्या पाण्यात कालवलेलं, आणि वर असह्य दुर्गंधी. पण हा चिखल बाजूला सारल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बोटीला झालेली इजा वाटली होती तेवढी नाही. टाक्या गळत होत्या, बॅटरीचे बरेच घट तडकले होते, मोडतोडही बरीच होती. पण मुख्य कवच शाबूत होतं. अनुभवी कर्मचाऱ्यांनी दिवे परत आणले असते, गळती आवरली असती आणि बोट बहुधा निसटलीही असती. पुरेशी डागडुजी झाल्यावर ब्रिटिश कर्मचाऱ्यांनी ती स्वतःच्या इंजिनांवर चालवत इंग्लंडमधल्या बॅरो बंदरात नेली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती तिथे पोहोचली. बोट निकामी असती तर हे जमलं नसतं.

मग ती बुडवली का नाही? हा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो मला अर्धवट वाटतो. 27 तारखेच्या दुपारी आसपास एकही जहाज नव्हतं. आइसलंडच्या दक्षिणेचं ते पाणी उन्हाळ्यातही माणसाला फार वेळ जगू देत नाही. त्या क्षणी बोट बुडवणं म्हणजे चाळिसाहून अधिक माणसांना मारणं. रात्री ट्रॉलर आल्यावर तो पर्याय थोडा खुला झाला, पण तोवर धमकी मिळालेली होती. बोट न बुडवण्याचा निर्णय मला समजतो. न समजणारी गोष्ट त्याआधीची आहे. इंजिनकक्ष रिकामा होतो आणि तिकडे परत जायला कप्तान कोणालाही भाग पाडत नाही. खरा क्लोरीन आणि क्लोरीनसारखा वास यांत फरक करणारा एकही माणूस बोटीवर निघत नाही. हे धैर्याचं नाही, सरावाचं काम आहे. आणि सराव द्यायची जबाबदारी ज्या यंत्रणेची होती, तिने तीन महिन्यांत तो पूर्ण झाला असं मानून बोट पाठवून दिली.

ब्रिटिशांच्या हाती काय लागलं

गुप्त कागद आणि संदेशयंत्रं नष्ट झाल्याने या बोटीतून सांकेतिक लिपीचं घबाड मिळालं नाही. ते त्याआधीच, 9 मे 1941 ला, यू-110 मधून मिळालेलं होतं. ती पकड ब्रिटिशांनी इतकी झाकून ठेवली की तिच्या खलाशांनाही बोट शत्रूच्या हाती पडल्याचं कळलं नाही. दुसऱ्याच दिवशी ओढून नेताना यू-110 बुडाली, आणि त्याने गुपित आणखी पक्कं झालं. यू-570 लपवणं शक्य नव्हतं. तिच्या कप्तानानेच उघड संदेश पाठवला होता. पण तिच्याकडून जे मिळालं ते यू-110 कडून मिळणं शक्य नव्हतं, म्हणजे तरंगती, चालती, आत जाऊन हाताळता येणारी पाणबुडी.

पहिली गोष्ट खोलीची. वेल्डिंगने जोडलेल्या कवचाच्या पत्र्याची जाडी प्रत्यक्ष मोजल्यावर ब्रिटिशांना कळलं की या बोटी आपण समजत होतो त्याहून बऱ्याच खोल जातात. म्हणजे तोवर कित्येक डेप्थ चार्ज त्यांच्या डोक्यावरच फुटत होते. डेप्थ चार्जची खोली जास्त ठेवण्याचं तांत्रिक कारण आता समोर होतं. दुसरी गोष्ट कानांची. जर्मनांची पाण्याखाली आवाज ऐकण्याची यंत्रणा ब्रिटिशांच्या यंत्रणेपेक्षा सरस निघाली. शिवाय ही बोट कोणत्या वेगाला किती आवाज करते हे मोजता आल्याने, तिला शोधणाऱ्यांना ती किती अंतरावरून ऐकू येईल याचा अंदाज बांधता आला. अमेरिकन तज्ज्ञांनीही तिची पाहणी केली. अमेरिका तेव्हा युद्धात अधिकृतपणे उतरलेली नव्हती, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

बोट ब्रिटिश नौदलात ‘ग्राफ’ या नावाने दाखल झाली. तिचा कप्तान झाला लेफ्टनंट मॅरियट. 21 ऑक्टोबर 1942 ला बिस्केच्या आखातात तिची गाठ जर्मन यू-333 शी पडली. ब्रिटिश झेंड्याखालची जर्मन पाणबुडी जर्मन पाणबुडीवर चार टॉर्पेडो सोडते, असा प्रसंग युद्धात क्वचितच आला असेल. मॅरियटला स्फोटांचे आवाज आले, यू-333 बुडाली असं मानलं गेलं आणि तशी नोंदही झाली. युद्ध संपल्यावर कळलं की ती बुडालीच नव्हती. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ ‘क्रोकस’ या ब्रिटिश युद्धनौकेने आधीच तिला धडक मारून जायबंदी केलं होतं, आणि ती रखडत बंदराला पोहोचलीसुद्धा. 

‘ग्राफ’ची खरी अडचण सुट्या भागांची होती. प्रत्येक झडप, प्रत्येक पंप, प्रत्येक जोड जर्मन मापाचा. मोडलं की नवा भाग हाताने घडवायचा. 1943 मध्ये तिला सक्रिय सेवेतून काढलं, आणि 20 मार्च 1944 ला ओढून नेताना दोर तुटून ती स्कॉटलंडच्या आयला बेटाच्या खडकांवर आपटली. पुढे तिचं भंगार काढण्यात आलं.

ग्रिझडेल हॉलमधलं न्यायालय

आता त्या अधिकाऱ्यांचं काय झालं ते. कैदेत आलेल्या जर्मन अधिकाऱ्यांना ब्रिटिशांनी उत्तर इंग्लंडच्या तळ्यांच्या प्रदेशात ग्रिझडेल हॉल इथे ठेवलं होतं. तिथल्या युद्धकैद्यांमध्ये सर्वांत ज्येष्ठ होता ओटो क्रेचमर, तोच मार्चमध्ये पकडला गेलेला, पावणेतीन लाख टन जहाजं बुडवणारा कप्तान. यू-570 चे अधिकारी छावणीत येताच त्याच्या अध्यक्षतेखाली कैद्यांचं एक ‘सन्मान न्यायालय’ बसलं. आरोप होता शत्रूसमोर भित्रेपणा केल्याचा. राहमलोव तोवर चौकशीसाठी अन्यत्र होता. बर्न्ट दोषी ठरला, बोटीवरचे इतर दोन अधिकारी सुटले. राहमलोवलाही त्याच्या गैरहजेरीत दोषी धरण्यात आलं.

हे प्रकरण वाचताना माझं मन इथेच अडखळतं. कैद्यांच्या त्या न्यायालयाला बोट कशी बांधली, कोणाला किती सराव मिळाला, ट्रॉन्डहाइमहून निघताना किती जणांनी अटलांटिक पाहिला होता, हे विचारायचं कारणच नव्हतं. आपली एक बोट शत्रूच्या हाती गेली ही नामुष्की होती, आणि नामुष्कीला कोणाचं तरी नाव लागायला हवं होतं. क्रेचमर स्वतः अनेक वर्षांच्या तालमीत घडलेला. त्याच्या पिढीच्या कप्तानांना आणि नव्यांना एकाच मापाने मोजलं गेलं.

बर्न्टला एक वाट दाखवण्यात आली. बॅरो तिथून फार लांब नव्हतं आणि बोट त्याच गोदीत उभी होती. पळून जायचं, गोदीत शिरायचं आणि बोट उडवायची, म्हणजे डाग धुऊन निघेल. ऑक्टोबरच्या मध्यात त्याला पळायला मदत करण्यात आली. गोदीच्या पहाऱ्यात शिरून बंद पाणबुडी उडवून देणं एका माणसाला शक्य आहे, असं कोणाला खरंच वाटत होतं का, हा प्रश्नच आहे. तो होमगार्डच्या, म्हणजे स्थानिक स्वयंसेवक पहारेकऱ्यांच्या, हाती सापडला, डच खलाशी असल्याची बतावणी केली, आणि मग पळायचा प्रयत्न करताना गोळी लागून मेला. ती तारीख 19 ऑक्टोबर 1941. डेप्थ चार्जच्या हल्ल्यातून, गॅसच्या अंधारातून, खवळलेल्या समुद्रातून जिवंत आलेला हा माणूस इंग्लंडच्या डोंगरात, आपल्याच लोकांनी लादलेल्या कामगिरीत गेला.

बर्न्टच्या मृत्यूनंतर राहमलोव ग्रिझडेलला आला. क्रेचमरच्या गटाने त्याच्यावर पुढे काय केलं असतं याची शंका ब्रिटिशांनाही होती, म्हणून त्याला तिथून हलवून जर्मन हवाईदलाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत ठेवण्यात आलं.